मोजून ओतलेलं तेल
(जुन्या आलिशान मोटारींच्या ऑइल चेंबरवरील पुस्तिकेची प्रस्तावना)

१९३०च्या दशकातल्या एखाद्या मोठ्या अमेरिकन गाडीच्या पुस्तिकेत इंजिनात आठ क्वार्ट तेल घाला असं छापलेलं असलं, तर ते किती लिटर होतं? अमेरिकन क्वार्ट ९४६ मिलिलिटरचा, म्हणजे साडेसात लिटरांहून किंचित जास्त. ब्रिटिश क्वार्ट मात्र ११३७ मिलिलिटरचा, आणि त्या हिशेबानं हेच आठ क्वार्ट नऊ लिटरांच्या पुढे जातात. फरक दीड लिटरचा पडतो. जुन्या गाड्यांच्या इंजिनांचे जे आजार आज मोठे समजले जातात, त्यांतले बरेच या दीड लिटरातून सुरू झालेले असतात.

हा गोंधळ आपल्याकडे मुरण्याला इतिहास आहे. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली. गाडी अमेरिकन, तिच्याबरोबर येणारी पुस्तिका अमेरिकन, आणि देशात चालणारा गॅलन ब्रिटिश, ४.५४६ लिटरांचा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरांचा. पुढे वजन-मापांचा १९५६चा कायदा आला, १९५८पासून मेट्रिक मापं लागू होऊ लागली आणि गॅरेजमध्ये लिटर रुजला. गाडी तीच राहिली. तिच्या तेलाचा आकडा मात्र एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे तोंडी गेला आणि जाताना प्रत्येक वेळी वेगळ्या मापात उतरला. रोल्स-रॉईस आणि बेंटलीच्या पुस्तिकांत तर पिंट आहेत, तेही ब्रिटिश, ५६८ मिलिलिटरचे. एकाच मालकाच्या शेडमध्ये एक पॅकार्ड आणि एक बेंटली शेजारी उभ्या असतील, तर दोघींच्या कागदावरचे आकडे एका डब्यानं मोजता येत नाहीत.

तेल जास्त झालं तर बिघडतं काय, असं पुष्कळ जण विचारतात. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, हा त्यांचा अनुभव घरगुती गाड्यांवरचा असतो. जुन्या मोठ्या इंजिनात क्रँकशाफ्ट लांब आणि जड असतो. तेलाची पातळी दीड लिटरानं चढली की त्याचे तोल सांभाळणारे वजनी भाग प्रत्येक फेऱ्यात तेलावर आपटतात. तेलात हवा घुसळली जाते, फेस होतो. पंप मग तेलाबरोबर हवाही ओढतो, दाबाचा काटा थरथरतो आणि बेअरिंगांना जी सलग पातळ पापुद्र्याएवढी साय हवी असते ती तुटते. म्हणजे तेल जास्त असूनही बेअरिंग उपाशी राहतं. दुसरीकडे क्रँकच्या मागच्या टोकाला त्या काळच्या इंजिनांत आजच्यासारखं रबरी सील नसायचं. बहुतेकांत शाफ्टवर आट्यांसारखी खाच कोरलेली असे, ती फिरताना तेल आत परतवायची. काहींत दोरीचं पॅकिंग असे. ही व्यवस्था ठरावीक पातळीपर्यंतच काम करते. त्यावर तेल गेलं की ते क्लचमध्ये उतरतं, क्लच घसरायला लागतो. वर पिस्टन रिंगांना तेल आवरत नाही, निळा धूर निघतो, प्लग काळे पडतात. मग कुणीतरी सांगतं की गाडी ऑइल खाते आहे, इंजिन उतरवा. ज्या इंजिनाचे भाग जगात कुठेही तयार मिळत नाहीत, ते इंजिन अशा वेळी विनाकारण उघडलं जातं. ही पुस्तिका लिहायला घेण्याचं सर्वांत मोठं कारण हे आहे.

पुस्तिका मराठीत असली तरी ती गुरुग्रामात लिहिली गेली. या शहराचं मोटारींशी असलेलं नातं बहुतेकांना १९८३च्या डिसेंबरात मारुतीची पहिली छोटी गाडी कारखान्याबाहेर पडली तिथपासून आठवतं. त्या गाडीच्या इंजिनात सुमारे तीन लिटर तेल मावायचं, आणि आज इथल्या वर्कशॉपांत काम करणाऱ्या पिढीचा हात त्याच मापावर तयार झाला आहे. पण शहराबाहेर, नूह जिल्ह्यातल्या तावडूला २०१३ साली हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उभं राहिलं. ‘२१ गन सॅल्यूट’ या जुन्या मोटारींच्या मोठ्या मेळाव्याचा मुक्कामही गुरुग्रामात पडू लागला. २०२५ साली तो ॲम्बियन्स ग्रीन्सच्या मैदानावर होता. देशभरातल्या संस्थानी गाड्या ट्रेलरवर चढून इथे येतात. त्यांत ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, कोल्हापूर या घराण्यांची नावं वारंवार कानावर पडतात. मोटारींच्या भारतातल्या इतिहासात मराठी घराण्यांचा वाटा इतका मोठा असूनही या गाड्या सांभाळण्याचं ज्ञान मराठीत नाही, हे मला फार खटकत आलं आहे. पुणे, कोल्हापूर, मुंबईतल्या शेडमध्ये रोज हात काळे करणाऱ्या माणसाला इंग्रजी पुस्तिकेतला एक आकडा तेवढा सापडतो. त्या आकड्यामागची रचना कुणी समजावून सांगत नाही.

रचना समजून घ्यायला घाटापासून सुरुवात करणं बरं. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक कसोटी झाली. अंतर ६२० मैल, वाटेत सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉईस ४०/५० तीत पहिली आली आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती घेतली. या घटनेची आठवण सांगताना लोक गाडीच्या ताकदीविषयी बोलतात. मला त्या वेळचं तेल दिसतं. घाट चढताना इंजिन मागे कलतं आणि चेंबरमधलं तेल मागच्या बाजूला गोळा होतं. त्या काळात बऱ्याच गाड्यांत तेल नुसतं उडवलं जायचं: कनेक्टिंग रॉडच्या तळाशी चमच्यासारखं टोक, ते खालच्या पन्हळीतल्या तेलात बुडायचं आणि शिंतोडे वर फेकायचं. अशा इंजिनात लांब चढावर पुढच्या सिलिंडरचं टोक तेलापर्यंत पोहोचतच नाही. पुढचं बेअरिंग आधी वाजायला लागतं. ४०/५० मध्ये हेन्री रॉईसनं पंपाच्या दाबानं तेल क्रँकशाफ्टच्या पोटातून प्रत्येक बेअरिंगला पोहोचवलं होतं, आणि पाय दाबून इंजिनावर जोर आणला की सिलिंडरच्या भिंतींना वेगळं जादा तेल मिळेल अशी सोयही केली होती. घाटात टिकलेल्या त्या गाडीच्या यशात या नळ्यांचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

दाबानं तेल देण्याची पद्धत आली तसं चेंबरचं काम बदललं. आता ते नुसतं तळ्यासारखं तेल साठवून ठेवणारं भांडं राहिलं नाही. पंपाचं तोंड, म्हणजे जाळी बसवलेली ओढनळी, कोणत्याही कलावर आणि कोणत्याही वळणावर तेलात बुडालेलीच राहिली पाहिजे, ही त्याची पहिली जबाबदारी झाली. म्हणून चेंबरला एक खोल कुंड आलं. ते पुढे असावं की मागे, हे बहुधा इंजिनाच्या सोयीनं ठरत नसे; पुढचा आस कुठून जातो त्यावरून ठरे. आडवा दांडा जिथून गेला तिथे चेंबर उथळ, उरलेल्या जागेत खोल. आत आडवे पत्रे घातले गेले, म्हणजे ब्रेक मारला तरी सगळं तेल एका बाजूला धावू नये. महाग गाड्यांत चेंबर ॲल्युमिनियमचं ओतीव असे, बाहेरून पंखांसारख्या उभ्या कडा, वाऱ्यानं तेल थंड व्हावं म्हणून. स्वस्त गाड्यांत दाबलेला पत्रा. दोन्ही आज वेगवेगळ्या तऱ्हेनं त्रास देतात. पत्र्याचं चेंबर जॅक लावून आत दबलेलं असतं, आणि त्यामुळे त्याची जागा कमी होऊन तेलपट्टी खोटी बोलते. ॲल्युमिनियमच्या चेंबरचा ड्रेन नट दरवेळी थोडा जास्त आवळून आटे गेलेले असतात, किंवा एखाद्या गतिरोधकावर घासून बारीक चीर पडलेली असते. वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या ॲल्युमिनियमला वेल्डिंग सहज धरत नाही. आतलं तेल तापून वर येतं आणि सांध्यात बुडबुडे सोडतं. अशा चेंबरवर घाईनं वेल्डिंग करणाऱ्याला मी आधी दोन दिवस ते तापवून तेल काढायला सांगतो.

उडवून तेल देण्याची पद्धत मात्र एकदम गेली नाही. शेवरोलेनं आपल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ठेवली, पन्हळी आणि त्यांत तेलाची धार सोडणाऱ्या बारीक नळ्या यांसकट. तिथे नुसती चेंबरची पातळी बरोबर असून भागत नाही. नळीची धार रॉडच्या चमच्यावर नेमकी पडते का, हे चेंबर काढून, पाणी सोडून बघावं लागतं. मी याविषयी पुढे एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे, कारण आपल्याकडे टिकलेल्या अमेरिकन गाड्यांत शेवरोले बऱ्याच आहेत, आणि त्या आलिशान गणल्या जात नसल्या तरी आलिशान गाड्या दुरुस्त करणारे हात त्यांच्यावरच शिकलेले आहेत.

आता आलिशान गाडी म्हणजे काय, हे तेलाच्या अंगानं पाहू. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकाच्या मध्यात ड्यूसेनबर्ग एसजे घेतली, लंडनच्या जे. गर्नी नटिंगनं तिची बॉडी बनवली. ड्यूसेनबर्गच्या जे मालिकेत डॅशबोर्डवर असे दिवे होते, की ठरावीक मैल झाले की तेल बदलायची वेळ झाली हे गाडीच सांगायची. ही मर्यादा ७०० मैलांची होती. आज आपण दहा हजार किलोमीटरवर तेल बदलतो, तिथे हजार-अकराशे किलोमीटरला! आणि ही त्या काळची जगातल्या सर्वांत महाग गाड्यांपैकी एक होती. बॅटरीत पाणी घालायच्या आठवणीलाही वेगळा दिवा होता. चॅसीच्या सांध्यांना तेल पाजायचं कामही गाडी स्वतः करायची. या सगळ्या यंत्रणेमागे एक समजूत होती, की गाडी रोज पळणार आहे आणि तिच्या दिव्यांकडे पाहणारा माणूस रोज तिच्याजवळ असणार आहे.

रोल्स-रॉईसनं तर शोफरांसाठी शाळाच चालवली. मालक गाडी घेई आणि शोफर शिकायला जाई. इंजिन किती वेळ थांबल्यावर पातळी पाहायची, तेल कुठून आणि किती वेगानं ओतायचं, जाळी कधी धुवायची, हे सगळं त्याच्या अंगवळणी पाडलं जाई. युद्धापूर्वीच्या अनेक रोल्समध्ये इंजिनाच्या कुशीला तरंगत्या गोळ्यावर चालणारा दर्शक असे. पुढे १९५५च्या सिल्व्हर क्लाउडमध्ये डॅशबोर्डवर एक बटण होतं; ते दाबलं की पेट्रोलचा काटा क्षणभर चेंबरमधल्या तेलाची पातळी दाखवायचा. फार सुंदर कल्पना. पण तो काटा खरा केव्हा, तर गाडी सपाट जागी असताना, इंजिन बंद करून तेल खाली उतरल्यावर. आज त्या गोळ्याला आणि त्याच्या विजेच्या तारेला सत्तर वर्षं होत आली. तो काटा अर्ध्यावर अडकलेला पाहून तेल ओतत राहणारे लोक आहेत. म्हणून या पुस्तिकेत मी सरळ लिहिलं आहे की बटणावर विश्वास ठेवायचा नाही, पट्टी काढून पाहायची, आणि पट्टीही आधी तपासून घ्यायची.

फँटम ३ चा दाखला मला इथे द्यायलाच हवा, कारण रचना कितीही थोर असली तरी ती सांभाळणाऱ्याविना कशी कोसळते हे त्यात दिसतं. १९३६ साली आलेलं हे बारा सिलिंडरचं, सव्वासात लिटरांहून मोठं ॲल्युमिनियमचं इंजिन. व्हॉल्व्हचा आवाज येऊ नये म्हणून त्यात तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट बसवले. हे टॅपेट अतिशय बारीक मापाचे, त्यांना तेल स्वच्छ हवं. त्या काळच्या तेलात मळ पकडून धरणारी रसायनं नव्हती. मळ चेंबरच्या तळाशी चिकट गाळ होऊन बसायचा, आणि सगळं तेल गाळून घेणारे फिल्टर युद्धानंतरच सर्रास आले. जाळी आणि फिल्टर वेळेवर धुतले नाहीत की गाळ टॅपेटात शिरायचा, टॅपेट अडकायचे, कॅम झिजायचा. १९३८मध्ये कंपनीनं ते टॅपेट काढून साधे भरीव बसवले. पैशांनी मालक श्रीमंत होता, गाडी अद्वितीय होती, तरी जाळी धुणारा हात थकला की सगळं थांबलं.

म्हणजे या चेंबरांच्या रचनेत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: रोज पाहणारा शिकलेला माणूस, थोड्या थोड्या मैलांवर बदललं जाणारं साधं तेल, आणि रोज चालणारी गाडी. आजच्या गुरुग्रामात या तिन्ही गोष्टी नाहीत.

तिसरीपासून सांगतो, कारण तिच्यामुळे बाकीच्या दोन अधिक बोचतात. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये वेगळे नियम केले. वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. त्यामुळे या गाड्यांना कायद्यानं जागा मिळाली, आणि ही फार महत्त्वाची गोष्ट झाली. पण त्याच नियमांत या गाड्या रोजच्या वापरासाठी नाहीत असं आहे. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणायच्या. म्हणजे गाडी बहुतेक दिवस उभी राहणार. थोडा वेळ सुरू करून बंद केली जाणार. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे जळलेल्या इंधनातून तयार झालेलं पाणी वाफ होऊन बाहेर जात नाही. ते चेंबरच्या भिंतीवर जमतं, तेलात मिसळतं, आम्ल तयार करतं. बेअरिंगांवरच्या पांढऱ्या मिश्र धातूला ते चाटून खातं. दर रविवारी पाच मिनिटं गाडी सुरू करणं ही प्रेमानं केलेली गोष्ट असते, पण चेंबरला ती घातक आहे. गाडी सुरू करायची तर तेल हाताला चटका देईल इतकी चालवायची. तेवढं जमत नसेल तर सुरू करू नये. प्लग काढून हातानं हँडल फिरवावं, तेल वर चढू द्यावं.

इथल्या हवेनं हे अधिक कठीण होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, जानेवारीच्या पहाटे तो दोन-तीन अंशांवर येतो. चेंबरचं पॅकिंग जुन्या गाड्यांत बुचाचं असतं. कोरड्या उन्हाळ्यात ते आकसतं, आणि पाऊस येईपर्यंत गाडीखाली तेलाचे थेंब दिसायला लागतात. पाहणारा चेंबरचे बोल्ट आवळतो, बूच पिचून बाहेर येतं आणि गळती वाढते. थंडीत २०डब्ल्यू-५० सारखं दाट तेल मधासारखं सावकाश उतरतं. सकाळी ओतलेलं तेल पंधरा मिनिटांत पट्टीवर पूर्ण दिसेलच असं नाही. आणि पावसाळा? २०१६च्या जुलैमध्ये हीरो होंडा चौकात पाणी भरून सगळं शहर रात्रभर रस्त्यावर अडकलं होतं. तळघरात पार्क केलेल्या गाडीला तर पाणी कुठून येतं हे कळतही नाही. पाणी चेंबरपर्यंत पोहोचल्याचा संशय जरी आला, तरी पट्टीवर दुधाळ तेल दिसेपर्यंत वाट पाहू नका. पाणी तेलाखाली बसतं. पट्टीला ते कदाचित लागणारच नाही. ड्रेन नट हळू सैल करा, पहिली धार काचेच्या भांड्यात घ्या.

तेलाच्या जातीविषयी मला बरंच सांगायचं आहे, आणि ते पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे दोनच वाद नोंदवतो. पहिला धुणाऱ्या तेलाचा. आजच्या जवळजवळ प्रत्येक तेलात मळ सोडवून तरंगत ठेवणारी रसायनं असतात. स्वच्छ इंजिनाला ती वरदान आहेत. पण साठ-सत्तर वर्षांचा गाळ बसलेल्या चेंबरमध्ये ते तेल थेट ओतलं, तर गाळ सुटतो, जाळीवर जाऊन बसतो आणि पंपाचा घास अडवतो. शिवाय जुन्या क्रँकशाफ्टच्या पोकळ पिनांत गाळ साठलेला असतो. तो सुटून अरुंद छिद्रांत अडकला की एखादंच बेअरिंग जळतं, आणि कारण कुणाला सापडत नाही. माझं म्हणणं असं की आधी चेंबर उतरवा, हातानं खरवडून स्वच्छ करा, जाळी धुवा, जमलं तर क्रँकच्या पिनांची झाकणं काढा. त्यानंतर आधुनिक तेल निर्धास्त वापरा. इंजिन न उघडता एखादं द्रव टाकून धुण्याचा जो उपाय सांगितला जातो, त्याला या गाड्यांत माझा पूर्ण विरोध आहे.

दुसरा वाद जस्ताचा. जुन्या कॅम आणि सपाट तळाच्या टॅपेटांवर फार दाब असतो. त्यांना जस्त आणि फॉस्फरसचं संयुग असलेलं तेल हवं. आजच्या पेट्रोल गाड्यांतला धूर शुद्ध करणारा भाग फॉस्फरसनं खराब होतो, म्हणून पातळ जातीच्या तेलांत ते संयुग मर्यादित ठेवतात. जुन्या गाडीच्या मालकानं दुकानात जाऊन सर्वांत महाग, सर्वांत नवं तेल मागितलं तर त्याला नेमकं चुकीचं तेल मिळू शकतं. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. काही मिस्त्री ट्रकच्या डिझेल इंजिनाचं तेल घालतात; त्यात तथ्य आहे आणि मर्यादाही, दोन्ही पुढे लिहिल्या आहेत. दाब कमी दिसला म्हणून अधिकाधिक दाट तेल घालत जाण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. त्या काळच्या कित्येक इंजिनांत गरम झाल्यावर दाब मुळातच कमी असायचा आणि रचनेला तो पुरेसा होता. दाट तेलानं काटा वर जातो, पण थंड सकाळी बेअरिंगपर्यंत तेल पोहोचायला लागणारा वेळ वाढतो, आणि बेअरिंगाची बहुतेक झीज त्या वेळातच होते.

तेल ओतण्याची जागा हाही स्वतंत्र त्रास आहे. ज्या इंजिनात तेल वरच्या झाकणातून ओततात, तिथे ते व्हॉल्व्हच्या शेजारून बारीक छिद्रांतून खाली उतरतं. ही छिद्रं गाळानं निम्मी बुजलेली असली की ओतलेलं तेल वरच साठून राहतं. पट्टी कमी दाखवते, माणूस आणखी ओततो. गाडी चालून तापली की वरचं सगळं तेल एकदम खाली येतं आणि पातळी क्रँकला भिडते. काही जुन्या इंजिनांत तेल ओतायची नळी आणि हवा बाहेर जायची नळी एकच. तिथे भराभर ओतलं की हवेला वाट राहत नाही, तेल उसळून बाहेर येतं आणि तापलेल्या एक्झॉस्टवर सांडतं. फिल्टरचं भांडं रिकामं असेल तर त्यात आणखी तेल जातं, त्यामुळे इंजिन थोडं फिरवून पुन्हा पातळी पाहावीच लागते. आजच्या वर्कशॉपांत मोजून तेल सोडणाऱ्या बंदुका असतात. मुलगा आकडा दाबतो आणि दुसऱ्या गाडीकडे जातो. जुन्या इंजिनाला तसं तेल देता येत नाही.

कोरड्या चेंबरच्या गाड्या याहून वेगळ्या. मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल १९५४ साली आली, तेव्हा तिचं बॉनेट खूप खाली ठेवायचं होतं. म्हणून इंजिन पन्नास अंशांनी एका कुशीवर कलवलं, खालचं खोल चेंबर काढून टाकलं आणि तेल वेगळ्या टाकीत ठेवलं. एक पंप तेल इंजिनाला देतो, दुसरा खाली जमलेलं तेल उपसून टाकीत परत नेतो. तेल सुमारे पंधरा लिटर. या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, आणि इंजिन बंद केल्यावरही ते थांबेपर्यंत फवारणी चालू राहते. ते पेट्रोल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. म्हणून तिचं तेल फार लवकर बदलावं लागतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं तेल पाझरून खाली येतं आणि टाकी रिकामी वाटते. ती पाहून वर तेल भरणं म्हणजे संकट ओढवून घेणं आहे: इंजिन सुरू होताच उपसा पंप सगळं तेल टाकीत आणून टाकतो आणि ती उतू जाते. अशा गाडीची पातळी इंजिन गरम होऊन चालू असताना पाहायची, एवढा एक नियम कळला तरी पुष्कळ वाचतं. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्या आहेत, म्हणून हे प्रकरण छोटं ठेवलं.

मेळाव्याच्या मैदानावर परीक्षक रंग पाहतात, चामडं पाहतात, क्रोम पाहतात, मूळचे नट-बोल्ट ओळखतात. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण चेंबरखाली वाकून पाहणारे कमी आहेत, आणि गाडी पुढच्या पिढीपर्यंत चालती राहील की फक्त उभी राहील हे तिथे ठरतं. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ची पिवळी रोल्स-रॉईस आहे, स्वारीसाठी बनवलेली, आयुष्यात फारच थोडी चाललेली. तिच्याकडे पाहताना लोकांना तिचं सिंहासन दिसतं. मला वाटतं, कमी चाललेली गाडी जास्त टिकते हा समज इंजिनाच्या बाबतीत तपासून घेतला पाहिजे.

पुस्तिकेच्या क्रमाबद्दल थोडं. आधी चेंबरच्या निरनिराळ्या रचना चित्रांसह आहेत, मग तेलाच्या जाती, मग उभ्या राहिलेल्या गाडीची देखभाल, आणि शेवटी मापांचं कोष्टक: अमेरिकन क्वार्ट, ब्रिटिश पिंट आणि लिटर शेजारी शेजारी. कोष्टकाच्या उजवीकडे एक रकाना मुद्दाम कोरा ठेवला आहे. तो तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी आहे, आणि तो पुस्तिकेतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा भरवशाचा ठरेल, जर तो असा भरला तर: चेंबर उतरवलेलं असताना क्रँक हळू फिरवून त्याचा सर्वांत खालचा भाग चेंबर बसण्याच्या कडेपासून किती खाली येतो ते मोजा. पट्टीवरची वरची खूण त्या जागेच्या पुरेशी खाली आहे ना, हे पाहा. पट्टी दुसऱ्याच इंजिनाची निघणं अजिबात दुर्मीळ नाही. चेंबर बसवून झाल्यावर गाडी सपाट फरशीवर घ्या. लिटरचं खुणेचं भांडं घ्या, अर्धा लिटर ओता, दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून बुडवा, खूण करा, आणि पुन्हा अर्धा लिटर ओता. थंडीत दहाची वीस मिनिटं करा. वरच्या खुणेला पोहोचेपर्यंत किती अर्धे लिटर लागले ते रकान्यात लिहा, फिल्टर कोरडा होता की भरलेला तेही लिहा, आणि इंजिन तापवून बंद केल्यावर पुन्हा एकदा पट्टी पाहून तारीख घाला.